म्हातारं कुत्रं रात्री रडतं, ते यम दिसतो म्हणून नाही

परभणी-हिंगोलीकडं आखाड्यावरचं, म्हणजे शेतातल्या वस्तीवरचं, कुत्रं रात्री रडलं की "कुणीतरी जाणार" म्हणून त्याला दगड मारून हाकलतात. हे थांबायला हवं. दहा-बारा वर्षं राखण केलेल्या जिवाला म्हातारपणी मार का?

वय झालं की काही कुत्र्यांचा मेंदू माणसासारखाच थकतो. दिवस-रात्रीचं गणित बिघडतं, ओळखीच्या अंगणात वाट चुकते, कोपऱ्यात तोंड घालून उभं राहतात. त्यात कान गेलेले. अंधारात गोंधळलेला जीव ओरडतो. सांध्यांचं दुखणंही असतंच.

डोळ्यांवरची निळसर झाक दिसली की लोक 'आंधळं झालं' म्हणतात. बहुतेकदा ती भिंगाचा गाभा घट्ट झाल्याची असते. नजर बऱ्यापैकी शाबूत राहते. पांढराफटक मोतीबिंदू वेगळा. नाक सहसा सगळ्यात शेवटपर्यंत साथ देतं, म्हणून जवळ जाताना आधी वास घेऊ द्या. झोपेत अचानक हात लावला तर ते दचकून चावतं. त्याला खुनशी म्हणू नका.

मात्र वागणं एकाएकी बदललं, लाळ गळू लागली, गिळता येईना, तर पिसाळल्याची शंका घ्या, हात न लावता पशुवैद्यकाला बोलवा. एरवी दिवा, पाणी आणि जागा रोज तीच ठेवा.