पाणकणसापासून गॅस: नांदूरमध्यमेश्वरच्या काठावरचं इंधन

पाणकणसाचं एक पान आडवं कापून बघा. आत भरीव गर जवळजवळ नसतोच, पातळ पडद्यांनी वेगळे केलेले हवेचे कप्पे दिसतात. पाण्याखालच्या चिखलात प्राणवायू नसल्यासारखाच असतो. त्यामुळे हे गवत वरची हवा या कप्प्यांतून गाळात आडव्या पसरलेल्या खोडापर्यंत पोचवतं. जिथे बाकीच्या झाडांची मुळं गुदमरतात, तिथे ते माणसाच्या डोक्यावर जातं.

निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळच्या नांदूरमध्यमेश्वरला त्याला हवं ते सगळं मिळालं आहे. शंभराहून अधिक वर्षं जुन्या बंधाऱ्यामागे गाळ साचत गेला आणि पाणी उथळ झालं. वरच्या अंगाला नाशिक शहराचं सांडपाणी आणि द्राक्षबागा, कांद्याची शेतं. तिथून वाहून येणारं नत्र आणि स्फुरद म्हणजे गवताला फुकटचा खुराक. ही राज्यातली पहिली रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची म्हणून नोंदलेली, पाणथळ जागा. उघडं पाणी गवताने गिळलं तर बदकांना उतरायला जागा उरत नाही, म्हणून गवत काढावंच लागतं. काढलेलं गवत काठावर कुजू द्यायचं की त्यातून इंधन घ्यायचं, हा खरा प्रश्न आहे.

इंधन म्हटलं की इथेनॉल आठवतं. गवतात साखर असते, पण ती सेल्युलोजच्या लांब साखळ्यांत अडकलेली आणि लिग्निन नावाच्या चिवट द्रव्याने वेढलेली. ती सोडवायला आधी उष्णता आणि आम्ल किंवा वाफेचा मारा, मग साखळ्या तोडणारी विकरं (एन्झाइम), मग यीस्ट. ही विकरं मुख्यतः ज्या बुरशीपासून मिळतात, ती दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचं कापडी सामान कुजवताना सापडली. कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज, त्यामुळे तंबूंचा शत्रू इंधनवाल्यांचा मित्र ठरला. पानिपतला २०२२ साली इंडियन ऑइलचा असा प्रकल्प देशाला अर्पण झाला. वर्षाला सुमारे २ लाख टन भाताच्या पेंढ्यापासून ३ कोटी लिटर इथेनॉल, अशी त्याची क्षमता. पेंढा वाळलेला असतो, गठ्ठे बांधून लांबून आणता येतो. ताज्या पाणकणसात मात्र निम्म्याहून जास्त पाणीच. ते ट्रकने दूर न्यायचं म्हणजे डिझेल जाळून पाणी वाहायचं.

म्हणून आपल्या जिल्ह्यासाठी मला गॅसचा रस्ता जास्त पटतो. गोबरगॅसच्या टाकीला ओलं गवत चालतं. हवा नसलेल्या टाकीत जिवाणू आधी तंतूंची साखर करतात, साखरेची आम्लं करतात आणि शेवटी दुसरे सूक्ष्मजीव त्यातून मिथेन काढतात. एक घनमीटर बायोगॅस साधारण ४५० ग्रॅम एलपीजीचं काम करतो. अडचण एवढीच की लिग्निन तिथे जवळजवळ तसंच राहतं, त्यामुळे जून, पिवळी पाती उपयोगाची नाहीत. लांब पातीही चालत नाहीत. ती टाकीत वर तरंगतात, साय धरतात आणि गॅसची वाट अडवतात. कडबाकुट्टीतून बारीक काढून शेणात कालवली तर हा त्रास बराच कमी होतो. शेणातून जिवाणूंचं विरजणही मिळतं.

टाकीत गवताचा बराचसा कार्बन गॅस होऊन जातो, पण नत्र आणि स्फुरद स्लरीत, म्हणजे टाकीतून बाहेर पडणाऱ्या पातळ राड्यात राहतात. कॅनडात विनिपेग सरोवराच्या काठी पाणकणसाची कापणी करून बघितली गेली, ती मुळात पाण्यातला स्फुरद बाहेर काढण्यासाठी. इंधन हा जोडीचा फायदा. निफाडच्या बागेतून नदीत गेलेलं खत स्लरीच्या रूपाने पुन्हा बागेत येऊ शकतं, आणि माझ्या मते गॅसपेक्षाही ही कमाई मोठी आहे.

कापणी कधी आणि कुठून, यावर मात्र सगळं अवलंबून आहे. पाण्याच्या वर कापलं तर गवत पुन्हा फुटतं. पाण्याखाली कापून थोटकं बुडाली तर हवेची वाट बंद होते आणि गाळातलं खोड कुजतं. बदकांसाठी पाणी मोकळं करायचं तिथे दुसरी पद्धत, पण जांभळी पाणकोंबडी याच गवतात घरटं करते, तिथले पट्टे उभेच ठेवायला हवेत. हे अभयारण्य असल्याने वनखात्याच्या परवानगीशिवाय एक पातही कापता येणार नाही, आणि ते योग्यच आहे. एप्रिल-मे हा त्यातल्या त्यात बरा काळ: बहुतेक पाहुणे पक्षी परतलेले असतात आणि पाणकोंबडीची पावसाळ्यातली वीण सुरू व्हायची असते.

पण टाकीला रोज खायला लागतं आणि कापणी मिळणार काही आठवड्यांपुरती. याचं उत्तर दूधवाल्या शेतकऱ्यांकडे आहे: मुरघास. हिरवी कुट्टी दाबून, हवाबंद करून ठेवली की ती महिनोन् महिने टिकते. जर्मनीतले गॅस प्रकल्प मक्याचा मुरघास असाच वर्षभर वापरतात. पाणकणसात साखर कमी, म्हणून थोडा गूळ किंवा मळी मिसळावी लागेल. आणि टाकीचा आकार ठरवायचा तो पक्ष्यांना धक्का न लावता किती गवत निघतं यावरून. मोठी टाकी आधी बांधली, की ती भरण्यासाठी राखलेल्या पट्ट्यांवर कोयता चालायला वेळ लागणार नाही.