स्टारफिल्डचा गेमप्ले आणि त्याच्यावरची खेळणाऱ्यांची मतं

स्टारफिल्ड हा बेथेस्डा गेम स्टुडिओजचा अंतराळातला ॲक्शन आरपीजी, म्हणजे एक पात्र घेऊन त्याला वाढवत खेळायचा मारामारीचा गेम. ६ सप्टेंबर २०२३ ला पीसी आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स/एसवर आला आणि तेव्हापासून त्याच्यावरून वाद चालूच आहे, गोव्यातसुद्धा. इथे गेमच्या स्टोरीपेक्षा खेळताना काय जमून येतं आणि काय खटकतं ते बघायचंय, आणि त्यात फोंडा, डिचोली, पेडणे, म्हापसा या बाजूच्या मराठी पोरांचं बोलणं जास्त धरलंय. मतं टोकाची आहेत, पण जरा शांतपणे ऐकलं तर दोन्ही पार्ट्या एकाच गोष्टीवर बोलतायत हे कळतं. गेम तुकड्यातुकड्यांत बांधलाय. एकेक तुकडा बऱ्याचदा मस्त जमलाय, पण एका तुकड्यातून दुसऱ्यात जायला मेनू आणि लोडिंग स्क्रीन. ज्याला तुकडा पुरतो तो खूश, ज्याला मधली वाट हवी असते त्याचं डोकं फिरतं.

पार्श्वभूमी

घोषणा २०१८ ची. रिलीज आधी ११ नोव्हेंबर २०२२ ला ठरलं होतं ते पुढे गेलं. मधे मार्च २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टनं बेथेस्डाची मालक कंपनी झेनीमॅक्स घेऊन टाकली होती, त्यामुळे लाँचला प्लेस्टेशनवाले बाहेरच राहिले. काळ सन २३३० चा, शंभराच्या वर ग्रहमाला, हजाराच्या वर ग्रह, इंजिन क्रिएशन इंजिन २. डायरेक्टर टॉड हॉवर्ड म्हणजे स्कायरिम या बेथेस्डाच्याच जुन्या गाजलेल्या गेमवालाच, आणि अर्ध्या भांडणाचं मूळ तिथेच आहे कारण लोक स्कायरिम डोक्यात ठेवूनच बसले होते.

सुरुवात व्हेक्टेरा नावाच्या उपग्रहावरच्या खाणीत होते, तुम्ही खाणकामगार, हातात कटर. डिचोली-साखळीकडच्या पोरांनी यावर भरपूर मस्करी केली, आमच्या खाणी २०१२ ला बंद, मग चालू, मग २०१८ ला परत बंद, निदान गेममध्ये तरी काम मिळालं म्हणून. मस्करी सोडली तर ही सुरुवात बहुतेकांना संथ वाटते, आणि पहिले काही तास ढकलत न्यावे लागतात हे गेम आवडणारेपण मान्य करतात.

गोळीबार

इथे भांडण कमी आहे. बेथेस्डाच्या जुन्या गेम्समध्ये बंदूक चालवणं म्हणजे शिक्षाच होती, फॉलआउट ४ मध्ये जरा सुधारलं, आणि स्टारफिल्डमध्ये पहिल्यांदा लोक म्हणायला लागले की बंदूक हातात असल्यासारखी वाटते. बॅलिस्टिक, लेझर, पार्टिकल बीम, आणि माणसाला न मारता आडवं करणारी ईएम, सगळ्यांचा आवाज आणि धक्का वेगळा. त्यात पाठीवरून उडवणारा बूस्ट पॅक, आणि प्रत्येक ग्रहाचं गुरुत्वाकर्षण वेगळं, त्यामुळे कमी ग्रॅव्हिटीच्या चंद्रावर उडी मारून वरून गोळ्या घालायची मजा काही औरच. झिरो-जीमध्ये, म्हणजे जिथे गुरुत्वाकर्षणच नाही तिथे, तर बॅलिस्टिक बंदूक झाडली की तुम्हीच मागे ढकलले जाता. यासाठी सगळे आल्मागेस्टचं नाव घेतात, ते अंतराळात सोडून दिलेलं कॅसिनो आहे आणि आतली लढाई पूर्ण तरंगत होते. मांडवीतली कॅसिनोची जहाजं रोज बघणाऱ्याला ते जरा जास्तच आवडतं, तेवढाच आमचा सूड.

तक्रार शत्रूंच्या डोक्याची आहे. समोरचे गडी बऱ्याचदा उघड्यावर उभे राहून मार खातात, आणि डिफिकल्टी वाढवली की ते हुशार होत नाहीत, नुसते जास्त गोळ्या पचवतात.

शिप

आता हा भाग असा की गेमला शिव्या घालणारेसुद्धा इथे आवाज खाली करतात. शिप बिल्डरमध्ये डेमॉस, होपटेक, नोव्हा गॅलॅक्टिक, स्ट्राउड-एकलंड, तायो अशा पाच कंपन्यांचे भाग मिळतात, प्रत्येकीची स्टाईल वेगळी, होपटेकचं जहाज ट्रकसारखं राकट तर स्ट्राउडचं चकचकीत, आणि ते एकमेकांना जोडून तुम्हाला हवं ते बनवायचं, रिॲक्टर, शील्ड, इंजिन, कार्गो, खोल्या. लोक मिशन सोडून रात्र रात्र यातच बसतात. मग उडवताना रिॲक्टरची पॉवर हत्यारं, इंजिन, शील्ड आणि ग्रॅव्ह ड्राइव्हमध्ये (एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडे उडी मारायचं यंत्र) वाटायची, समोरच्याचं इंजिन नेमकं फोडून त्याला थांबवायचं, जोडून आत घुसायचं, माणसं संपवायची आणि जहाज आपलं. मात्र चोरलेलं जहाज विकायचं तर आधी रजिस्टर करावं लागतं आणि ती फी विक्रीच्या पैशातला मोठा घास खाते, म्हणजे तीनशे वर्षांनी पण कागदपत्रं सुटली नाहीत.

खोड्या आहेतच. दारं आणि शिड्या कुठे येणार हे लाँचच्या वेळी गेमच ठरवायचा, त्यामुळे सुंदर जहाज बनवून आत गेलं की भूलभुलैया. आत हौसेनं मांडलेलं सामान, जहाजात एक बदल केला की सगळं कार्गोमध्ये जाऊन पडायचं. आणि बिल्डरमध्ये असताना मधे सेव्ह होत नाही, बाकी गेममध्ये जवळजवळ कुठेही क्विकसेव्ह मारता येतो पण इथे नाही, त्यामुळे पावसाळ्यात लाईट जाणाऱ्या गावात तास दोन तासांचं डिझाइन एका झटक्यात जातं. आमच्याकडे इन्व्हर्टर नसलेल्यांची ही खास तक्रार.

पण खरी गोची वेगळीच आहे. एवढं जीव लावून बनवलेलं जहाज घेऊन जायचं कुठे? जमिनीवरून उडताना कटसीन (नुसता बघायचा छोटा सिनेमा), दुसऱ्या ग्रहावर जायला मॅप उघडून क्लिक, उतरताना परत कटसीन. लाँचच्या वेळी जहाज हातात यायचं ते फक्त कक्षेत, लढाईपुरतं. एका स्ट्रीमरनं हट्टानं सरळ प्लूटोकडे जहाज चालवत नेलं, सात तास लागले, आणि पोचल्यावर जहाज प्लूटोच्या चित्रातून आरपार गेलं.

फिरणं, लोडिंग आणि तीच ती लॅब

स्कायरिममध्ये तुम्ही एका गावाहून दुसऱ्या गावाला निघता आणि वाटेत गुहा दिसते, कोणीतरी भेटतं, तीन तासांनी आठवतं की आपण निघालो कशाला होतो. ती वाट इथे नाही. दिवाडीला किंवा चोडणला जाताना फेरीबोटीत थांबावं लागतं पण तेव्हा नदी दिसते, वारा लागतो, बाजूचा माणूस चार गोष्टी सांगतो. स्टारफिल्डचं लोडिंग म्हणजे नदी नसलेली फेरी. चांगल्या एसएसडीवर ते काही सेकंदांचंच असतं, म्हणून वेळेपेक्षा लय तुटण्याचाच त्रास जास्त.

दुसरी मोठी तक्रार तोचतोचपणाची. ग्रहांची जमीन कॉम्प्युटर बनवतो आणि त्यावर आधीच बनवलेल्या जागा पेरल्या जातात, सोडून दिलेली खाण, क्रायो लॅब वगैरे. पहिल्यांदा क्रायो लॅब बघितली की भारी वाटतं. मग दुसऱ्या ताऱ्याभोवतीच्या दुसऱ्या ग्रहावर तीच लॅब, तेच खोके, तीच चिठ्ठी त्याच टेबलावर, तेच प्रेत त्याच कोपऱ्यात. एकदा हे लक्षात आलं की शोध घ्यायची हौसच मरते, असं म्हणणारे खूप आहेत, आणि मला वाटतं ही गेममधली सगळ्यात मोठी चूक आहे, लोडिंगपेक्षाही मोठी. लोडिंगची सवय होते, ह्याची होत नाही.

रिकाम्या ग्रहांबद्दल मात्र मतं खरोखर विभागलेली आहेत. काहींना ओसाड चंद्रावर उभं राहून वर मोठा ग्रह उगवताना बघायला आवडतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये बेथेस्डाच्या सपोर्टवाल्यांनी स्टीमवरच्या नाराज रिव्ह्यूंना उत्तरं दिली, त्यात चंद्रावर गेलेले अंतराळवीर काही कंटाळले नव्हते असा मुद्दा होता. लोक आणखीनच भडकले. चंद्रावर खराखुरा जीव धोक्यात घालून गेलेला माणूस आणि सोफ्यावर बसलेला माणूस यांत फरक आहे हो.

क्वेस्ट आणि निवड

हाताने बनवलेल्या क्वेस्ट, म्हणजे गोष्ट असलेल्या कामगिऱ्या, जिथे आहेत तिथे गेम चमकतो. युनायटेड कॉलनीज या सरकारच्या व्हॅनगार्ड दलाची क्वेस्ट, क्रिमसन फ्लीट या चाच्यांच्या टोळीत हेर बनून शिरणं, आणि एंटँगल्ड नावाचं मिशन जिथे एकाच इमारतीच्या दोन विश्वांत ये-जा करत वाट काढायची, ही तीन नावं सगळ्यांच्या तोंडी. कुलूप उघडायचा डिजिपिकचा खेळपण बहुतेकांना आवडतो, फिरत्या कड्यांत दात बसवायचे, डोकं लागतं.

गोव्यात सगळ्यात जास्त वाद ज्याच्यावर होतो ती क्वेस्ट म्हणजे फर्स्ट कॉन्टॅक्ट. दोनशे वर्षं प्रवास करून पृथ्वीवरून निघालेलं एक जहाज आपल्या हक्काच्या ग्रहावर पोचतं, तर तिथे आधीच पॅराडिसो नावाचं समुद्रकिनाऱ्याचं रिसॉर्ट उभं. रिसॉर्टच्या बोर्डाला ही माणसं नकोत. मग तुमच्यापुढे पर्याय काय, तर त्या लोकांना रिसॉर्टमध्ये बांधील कामगार म्हणून ठेवून घ्यायचं, नाहीतर स्वतःच्या खिशातून ग्रॅव्ह ड्राइव्ह घेऊन देऊन त्यांना दुसरीकडे पाठवायचं, नाहीतर जहाजच उडवायचं. बोर्डाला धडा शिकवायचा पर्यायच नाही, गोळ्या घातल्या तरी ती माणसं मरत नाहीत, गेमनं त्यांना अमर केलंय. जगभर लोकांनी यावर टीका केली, पण किनाऱ्यावर रिसॉर्ट आणि मूळ लोक बाहेर हा विषय आमच्याकडे गेममधला राहत नाही, त्यामुळे इथली पोरं जरा जास्तच तावातावानं बोलतात. विषय एवढा धारदार घेतला आणि खेळणाऱ्याचे हात बांधून ठेवले, ही तक्रार मला शंभर टक्के पटते.

स्किल, सामान, दुकानदार

स्किलची पाच झाडं, प्रत्येक स्किलला चार पायऱ्या आणि वरच्या पायरीसाठी आधी एक चॅलेंज पूर्ण करायचं. कल्पना चांगली, जे करता त्यातच पुढे जाता. पण बूस्ट पॅक वापरायलाही आधी पॉइंट खर्च करावा लागतो हे कोणालाच आवडत नाही. सामानाचं ओझं हा रोजचा त्रास, वजन जास्त झालं की पळताना ऑक्सिजन संपतो, कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि मग तब्येत खालावते. विकायला जावं तर दुकानदाराकडे थोडेच क्रेडिट (गेममधले पैसे), म्हणून लोक खुर्चीत बसून वेळ पुढे ढकलतात, परत विकतात. इन्व्हेंटरीचा मेनू इतका वैतागवाणा की पीसीवाल्यांनी पहिल्या आठवड्यातच स्टारयूआय हा मोड (खेळणाऱ्यांनीच बनवलेला बदल) टाकला.

सुरुवातीला निवडायच्या ट्रेट्सचं (पात्राच्या खास गुणांचं) मात्र कौतुक आहे. किड स्टफ घेतलं की तुमचे आईबाप जिवंत असतात, त्यांना भेटता येतं, आणि दर आठवड्याला तुमच्या पैशातला थोडा हिस्सा आपोआप घरी जातो. घरात कोणी तारवटी (जहाजावर नोकरी करणारा) असलेल्यांना हे समजावून सांगावं लागत नाही.

टेंपल आणि न्यू गेम प्लस

पॉवर्स, म्हणजे जादूसारख्या शक्ती, मिळवायला ग्रहांवरच्या टेंपलमध्ये जायचं आणि तरंगत प्रकाशाचे ठिपके पकडायचे. पहिल्यांदा ठीक. पॉवर्स २४ आहेत आणि प्रत्येक वेळी तेच, मग बाहेर एक स्टारबॉर्न (दुसऱ्या विश्वातून आलेला शत्रू) उभा. यावर चांगलं बोलणारा माणूस भेटलेला नाही.

न्यू गेम प्लस, म्हणजे गोष्ट संपल्यावर परत पहिल्यापासून खेळणं, मात्र डोकेबाज आहे, कारण ते स्टोरीतच बसवलंय. नव्या विश्वात जाताना लेव्हल, स्किल आणि पॉवर्स राहतात, जहाज, आउटपोस्ट (ग्रहांवर बांधलेले तळ), पैसे, सामान सगळं मागे. कधीकधी नवं विश्व थोडं वेगळं निघतं. पण जी गोष्ट गेम सगळ्यात छान करतो, म्हणजे जहाज बांधणं, तीच टाकून द्यायला लावतो, म्हणून बिल्डरप्रेमी लोक त्या दारातून जातच नाहीत.

नंतरचे बदल

लाँचला पीसीवर डीएलएसएस (एनव्हिडिया कार्डवर गेम जास्त वेगानं चालवणारं तंत्र) नव्हतं, नोव्हेंबर २०२३ मध्ये आलं. मे २०२४ च्या अपडेटनं बरंच सावरलं: शहरांचे नीट नकाशे, सिरीज एक्सवर ६० एफपीएसचा (सेकंदाला ६० चित्रं) पर्याय, जहाज आतून सजवायची सोय, आणि ओझं, दुकानदाराचे पैसे वगैरे आपल्या मर्जीनं कमीजास्त करायच्या सेटिंग्ज. ऑगस्ट २०२४ ला रेव्ह-८ गाडी आली, तोवर ग्रहावर पायीच तुडवायचं होतं. गाडीनं मोकळ्या जमिनीवरचा कंटाळा खूपच कमी केला. जून २०२४ ला क्रिएशन्स, म्हणजे मोड आणि जादा मिशन मिळायचं गेममधलंच दुकान, आलं आणि त्याच्यासोबत ट्रॅकर्स अलायन्सचं एक मिशन खऱ्या पैशांनी घ्यायच्या ७०० क्रेडिटला, म्हणजे साधारण सात डॉलरला, विकायला ठेवलं, त्यावर चांगलाच गदारोळ झाला. ३० सप्टेंबर २०२४ चं शॅटर्ड स्पेस हे एक्सपान्शन एकाच ग्रहावर, वारूनकाईवर, हाताने बनवलेल्या जागेत घडतं, म्हणजे तुकड्यांच्या तक्रारीला सरळ उत्तर होतं, तरी किमतीच्या मानानं कमी मिळालं म्हणून स्टीमवर रिव्ह्यू वाईटच आले.

मजेशीर गोष्ट म्हणजे २०२३ च्या स्टीम अवॉर्ड्समध्ये खेळणाऱ्यांच्याच मतांनी स्टारफिल्डला सगळ्यात नावीन्यपूर्ण गेमप्लेचं बक्षीस मिळालं. ती मस्करी होती की खरं प्रेम, यावर अजून भांडतात.

गोव्यातली परिस्थिती

गेम आला तेव्हा चवथ तेरा दिवसांवर होती, १९ सप्टेंबरला, त्यामुळे सुट्टीत गावच्या घरी गेलेल्यांचं खेळणं अर्धवट राहिलं आणि बऱ्याच जणांनी तो खरा खेळला तो नंतर, कामावरून आल्यावर तास-दीड तास. पहिल्याच दिवसापासून गेम पासवर होता म्हणून पूर्ण पैसे न घालता बघता आला, ही आमच्याकडे मोठी गोष्ट. उलट पीसीवर १२५ जीबी जागा आणि एसएसडी हवीच, जुन्या हार्ड डिस्कवाल्यांनी त्यातच हात टेकले.

आणि इथेच तो तुकड्यांचा मुद्दा परत दिसतो. पणजीला नाहीतर वेर्ण्याच्या फॅक्टरीत नोकरी करून रात्री थोडा वेळ बसणाऱ्याला एक मिशन, एक लढाई, जहाजाला एक नवीन इंजिन एवढं पुरतं, त्याला लोडिंग बोचत नाही, तो गेमला दहापैकी सात-आठ देतो. कॉलेजची पोरं शनिवार-रविवार सलग बसतात, त्यांना तिसऱ्या क्रायो लॅबपाशी कंटाळा येतो, ती चार देऊन मोकळी होतात. नवीन माणसाला दोघेही सांगतात की व्हॅनगार्ड लवकर घे, टेंपलच्या मागे लागू नकोस, आणि स्कॅनरमध्ये दिसलेल्या प्रत्येक ठिकाणी जायची गरज नाही.