हाड जुळलं, मांडी गेली

वैशाखात शेजारच्या आजींच्या दहाव्याला रामकुंडावर उभा होतो. पिंडाला कावळा शिवेना. त्या ताटकळण्यात त्यांचा मुलगा मला म्हणाला, "एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले होते, हाड झकास जुळलंय. मग आई गेली कशानं?" मी तोंड उघडायच्या आत मागून उत्तर आलं, "पितृपक्षात पडल्या, तेव्हाच ठरलं होतं."

आजी 78 वर्षांच्या. न्हाणीघरात पाय घसरला आणि खुबा मोडला. उभ्या उंचीवरून पडून हाड मोडत असेल तर दोष फरशीचा कमी आणि ठिसूळ झालेल्या हाडाचा जास्त. अशा खुब्याच्या फ्रॅक्चरनंतर वर्षभरात पाचांतला किंवा चारांतला एक वृद्ध दगावतो. पुरुषांचं प्रमाण बायकांहून जास्त. जे वाचतात त्यांतलेही जवळपास निम्मे पूर्वीसारखे चालू शकत नाहीत.

ऑस्ट्रेलियातल्या डब्बो गावात साठीपुढच्या लोकांचा 1989 पासून पाठपुरावा होतोय. त्यातून 2009 मध्ये आलेलं चित्र असं: ठिसूळपणाच्या फ्रॅक्चरनंतर मृत्यूचा वाढीव धोका साधारण 5 वर्षं राहतो आणि खुब्याच्या बाबतीत 10 वर्षांपर्यंत. आपल्या नाशिकच्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलेलं पुराचं पाणी दोन दिवसांत ओसरतं, हा धोका ओसरायला दशक घेतो. कोण वाचणार नाही याचा अंदाज कशावरून येतो, तर वय, पुन्हा झालेलं फ्रॅक्चर आणि मांडीच्या पुढच्या स्नायूची कमजोरी. मी अडकलो तो या तिसऱ्या गोष्टीत.

स्नायू म्हणजे धाग्यांचा जुडगा. प्रत्येक धागा मज्जारज्जूतल्या एका चेतापेशीच्या ताब्यात असतो. एक चेतापेशी आणि तिचे शेकडो धागे मिळून एक तुकडी. काही तुकड्या धीम्या पण चिवट. उभं राहायला, सावकाश चालायला त्या पुरतात. काही जलद; ठेच लागल्यावर क्षणात पाय पुढे टाकून तोल सावरतात त्या. वय झालं की चेतापेशी मरू लागतात आणि मार बसतो तो मुख्यतः जलद तुकड्यांना. त्यांचे धागे पोरके होतात. मग शेजारची धीमी चेतापेशी फांदी फोडते आणि त्या पोरक्या धाग्यांना दत्तक घेते. दत्तक गेलेला धागा नव्या घरची चाल शिकतो, म्हणजे धीमा होतो. ज्यांना कोणी घेत नाही ते वाळून जातात. म्हातारं माणूस नुसतं अडखळत नाही, त्याचा पाय उशिरा पुढे येतो. शरीरात इतकं हृदयस्पर्शी काही चालत असेल असं मला हे वाचेपर्यंत वाटलं नव्हतं.

आता या उरल्यासुरल्या स्नायूला अंथरुणावर निजवा. स्नायूत प्रथिनांची मोडतोड आणि बांधणी रोज चालू असते. बांधणीचं बटण म्हणजे एमटॉर नावाचं प्रथिन. ते दोन गोष्टींनी दाबलं जातं: स्नायूवर पडणारा ताण आणि अन्नातलं ल्युसिन हे अमिनो आम्ल. पडून राहिल्यावर ताण गेला. म्हातारपणी तेवढ्याच ल्युसिनला बटण दबतही नाही, जास्त लागतं. दुसरीकडे दुखापतीमुळे कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक आणि इंटरल्युकिन-6 हे सुजेचा निरोप नेणारं प्रथिन वाढलेलं. त्यांच्या इशाऱ्यावर स्नायूतल्या प्रथिनांवर युबिक्विटिनची चिठ्ठी चिकटते आणि प्रोटिएसोम नावाचं यंत्र चिठ्ठी लागलेलं प्रथिन चिरफाडून टाकतं. हा परिच्छेद डोक्यावरून गेला असेल तर एवढंच धरा: साठीपुढच्या धडधाकट लोकांना प्रयोगासाठी 10 दिवस नुसतं झोपवून ठेवलं, तर पायांतलं साधारण 1 किलो मांस गेलं. ना फ्रॅक्चर, ना ऑपरेशन.

आजींचं तर ऑपरेशनच पाच दिवस लांबलं. वडीलधाऱ्यांचं म्हणणं, सर्वपित्री होऊ द्या, मग चिरफाड. खुब्याचं ऑपरेशन शक्यतो 48 तासांच्या आत व्हावं असं जगभरचे डॉक्टर सांगतात. "या वयात भूल झेपेल का" ही भीती खोटी नाही, पण पडून राहणं भुलेपेक्षा कमी धोक्याचं असतं हा समज खोटा. उताण्या माणसाच्या छातीत कफ साचून न्यूमोनिया होतो, पायात रक्ताची गुठळी धरते, पाठीला शय्याव्रण होतात. माणूस जातो तो यातल्याच कशाने तरी, नाहीतर हृदयाने. अमावस्येला यातलं काहीही थांबत नाही.

ऑपरेशननंतरही "आई, उठू नका हं" असं घरात सगळेच प्रेमाने म्हणत होते. वॉकर कपाटामागे. पथ्य म्हणून पेज, मऊ भात, साबुदाण्याची खीर. साबुदाण्यात प्रथिन जवळपास नसतंच. अशा दुखण्यात शरीराच्या दर किलो वजनामागे रोज 1.2 ग्रॅम तरी प्रथिन लागतं, म्हणजे 50 किलोच्या आजींना 60 ग्रॅम. अंड्यात 6 ग्रॅम. हे घरात अशक्य नव्हतं. घट्ट वरण, पनीर, दही, मुगाचं धिरडं चाललं असतं. (आजींना अंडं चालत नव्हतं, पण जाहिरातीत बघून आणलेली "हाडं पोलादी करणारी" महागडी पावडर चालली. एवढ्यात महिन्याचं पनीर आलं असतं.)

हाडाचंही औषध असतं, हे ऑपरेशननंतर बहुतेक घरांत राहूनच जातं. रॉड टाकला की हाडाचा विषय संपला असं वाटतं. पण रॉड एकाच ठिकाणी असतो आणि ठिसूळपणा सगळ्या सांगाड्यात. 2007 च्या एका मोठ्या चाचणीत खुब्याच्या ऑपरेशननंतर 90 दिवसांच्या आत झोलेड्रोनिक अ‍ॅसिडचं वर्षातून एकदा द्यायचं सलाइन सुरू केलं, तेव्हा नवी फ्रॅक्चर्स 35 टक्क्यांनी आणि मृत्यू 28 टक्क्यांनी घटले. त्याआधी ड जीवनसत्त्व भरून काढावं लागतं, मूत्रपिंडं तपासावी लागतात. कॅल्शियमची गोळी ही या औषधाची जागा घेत नाही.

कावळा शेवटी आला. पायऱ्या चढताना मुलाने सांगितलं की मावशीचंही मनगट गेल्या महिन्यात मोडलं, इंदिरानगरला ओट्यापाशी पडली, वय 61.

"डेक्सा केलं का? हाडांची घनता मोजतात ते."

"मनगटाला?"

"नाही, खुब्याचं आणि मणक्याचं."

"पण तिचा खुबा तर चांगलाय," तो म्हणाला.

मी त्याच्याकडून मावशीचा नंबर घेतला.