सहा ग्रॅमची जिम्नी का बनत नाही

२०१८ साली आलेल्या चौथ्या पिढीच्या सुझुकी जिम्नीची जपानमधली ६६० सीसी आवृत्ती ३३९५ मिलिमीटर लांब आणि १४७५ मिलिमीटर रुंद आहे. तिथल्या 'केई' या छोट्या गाड्यांच्या वर्गाची मर्यादा आहे ३४०० आणि १४८०, म्हणजे दोन्हीकडे जेमतेम ५ मिलिमीटर मोकळे. टोमिका या जपानी खेळण्यातल्या गाड्यांच्या ब्रँडच्या १:५७ प्रमाणात ही लांबी साधारण ६० मिलिमीटर होते.

वजनाचं गणित मात्र इतकं सरळ नाही. लांबी ५७ पट घटली की घनफळ सुमारे १,८५,००० पट घटतं. त्या हिशोबाने एक टनाच्या आसपासची ही गाडी खेळण्यात ५-६ ग्रॅमची हवी. प्रत्यक्षात धातूचं खेळणं त्याच्या कितीतरी पट जड भरतं. खऱ्या गाडीचा साधारण ०.७ मिलिमीटरचा पत्रा याच प्रमाणात ०.०१२ मिलिमीटरचा होईल. एवढं पातळ ओतताच येत नाही. भिंत १ मिलिमीटरच्या आसपास ठेवली नाही, तर वितळलेला धातू साच्याच्या कोपऱ्यात पोचण्याआधीच थिजतो आणि दोन प्रवाह भेटतात तिथे न सांधलेली रेघ उरते.

हा धातू म्हणजे झमॅक: जस्त, सुमारे ४ टक्के ॲल्युमिनियम आणि किंचित मॅग्नेशियम. तो ३९० अंश सेल्सिअसच्या आतच वितळतो, त्यामुळे साचे खूप टिकतात. त्याचा खरा शत्रू शिसं. ते ०.००५ टक्क्यांच्या वर गेलं, तर दमट हवेत कणांच्या सीमा आतून गंजतात. काही वर्षांनी बॉडी फुगते, तडकते आणि भुगा होते. यावर इलाज नाही.

जिम्नीचा चौकोनी, उभा बांधा साच्याला त्रासाचा. ओतीव भाग साच्यातून सुटावा म्हणून उभ्या बाजूंना थोडा उतार द्यावाच लागतो. दाराची ४ मिलिमीटरची फट प्रमाणात ०.०७ मिलिमीटर होते, ती रंगानेच बुजेल. म्हणून खाच मुद्दाम रुंद कोरतात. माझ्या मते चांगलं मॉडेल ओळखायची जागा हीच.

खेळणं पुन्हा रंगवायचं असेल तर तळ आणि बॉडी जोडणाऱ्या रिव्हेटचं फक्त डोकं ड्रिलने काढा. खोल गेलात तर त्या डोक्यामागचा बॉडीचा खांब चिरतो. जुना रंग पूर्ण उतरवा आणि नवा रंग दोन-तीन पातळ हातांत, प्रत्येक हात वाळू देऊन फवारा. एकच जाड हात दिला तर आधी दाराच्या खाचा बुजतात.