मेंदूज्वरानंतर नजर गेली: बिघाड डोळ्यात की मेंदूत?

मेंदूज्वरातून मूल वाचतं, शुद्धीवर येतं, चमच्याने पेज घ्यायला लागतं. मग चार-पाच दिवसांनी घरच्यांच्या ध्यानात येतं की आई समोर उभी राहिली तरी ते बघत नाही, हाक मारली की मात्र मान वळवतं. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं की कागदावर येतं, 'डोळे नॉर्मल'. आजी म्हणते, अशक्तपणा आहे, अंगात ताकद आली की बघेल. वडील पुण्याला न्यायची तयारी करतात. 'डोळे नॉर्मल' याचा अर्थ 'दिसतंय' असा होत नाही, हे मात्र घरी कुणी समजावून सांगितलेलं नसतं.

या आजारांनंतर नजर दोन ठिकाणी अडते. एक म्हणजे डोळ्यातच, पडद्यावर किंवा त्यामागच्या दृष्टीच्या नसेत. दुसरी मेंदूत, जिथं आलेल्या चित्राचा अर्थ लागतो. या दुसऱ्या प्रकाराला डॉक्टर 'सीव्हीआय' (कॉर्टिकल व्हिज्युअल इम्पेअरमेंट) म्हणतात. वरवर दोन्ही मुलं सारखीच दिसतात, पण उपाय, वेळ आणि अपेक्षा सगळं वेगळं.

रेल्वेवरून समजून घेऊ. सोलापूरहून निघालेली लाइन होटगीला फुटते. एक फाटा विजापूर-गदगकडे जातो, मुख्य लाइन वाडीकडे. डोळ्यातून निघालेल्या नसेचंही तसंच आहे. तिचा एक फाटा मध्यमेंदूत जातो आणि बाहुली लहान-मोठी करण्याचं काम बघतो. मुख्य वाट थॅलॅमस या मेंदूच्या मधल्या भागातल्या थांब्यावरून डोक्याच्या पार मागच्या भागात पोचते, तिथं 'दिसणं' घडतं. रूळ होटगीच्या अलीकडे उखडला तर दोन्ही गाड्या बंद. पलीकडे, वाडीच्या बाजूला उखडला तर विजापूरची गाडी वेळेवर धावते. म्हणून मेंदूतल्या बिघाडात मुलाला दिसत नाही, पण टॉर्च मारली की बाहुली चटकन आकसते. नसेच्या किंवा पडद्याच्या मोठ्या बिघाडात बाहुलीही सुस्त पडते.

ही तपासणी डॉक्टरांनीच करायची, पण ती कशी होते हे माहीत असलं की नीट झाली की नाही ते कळतं. खोलीत अंधुक उजेड हवा, दोन-तीन मिनिटं डोळ्यांना त्याची सवय होऊ द्यायची. टॉर्च समोरून मारायची नाही, कारण आपल्याकडच्या काळ्याभोर डोळ्यांत बाहुली कुठं संपते तेच दिसत नाही. खालून किंवा कानाच्या बाजूने तिरकी धरायची, एका डोळ्यावर दोन-तीन सेकंद, मग झटकन दुसऱ्यावर, असं चार-पाच वेळा. उजेड डोळ्यावर आल्यावर बाहुली आकसण्याऐवजी पसरायला लागली तर त्या बाजूची नस जास्त दुबळी. मोबाइलची टॉर्च इथं उपयोगाची नाही. तिच्या लख्ख उजेडाने मूल डोळे गच्च मिटतं.

फसगत दोन ठिकाणी होते. पडदा तपासण्यासाठी बाहुली मोठी करणारे थेंब आधीच घातले असतील तर ही चाचणी फुकट जाते. साध्या थेंबांचा असर काही तास राहतो, ॲट्रोपिनचा आठवडाभर किंवा त्याहून जास्त. म्हणून टॉर्च आधी, थेंब नंतर. दुसरं म्हणजे जपानी मेंदूज्वर मध्यमेंदूलाही धरतो. तेव्हा बाहुली हलली नाही म्हणून नस गेलीच असं म्हणता येत नाही. मग निकाल पडद्याच्या तपासणीवर.

घरी केलेल्या परीक्षाही फसवतात. डोळ्यांपुढे हात हलवला आणि मूल मिटमिटलं, म्हणजे दिसतंय असं लोक धरून चालतात. हाताचा वारा बुबुळाला लागला तरी पापणी मिटते. त्यापेक्षा एक मोठा आरसा चेहऱ्यापुढे धरून सावकाश डावी-उजवीकडे तिरपा करा, बोलू नका, बांगड्या वाजू देऊ नका. डोळे आरशाबरोबर फिरले तर थोडीफार नजर आहे. फिरले नाहीत तर मात्र लगेच निष्कर्ष काढू नका, कारण या आजारात डोळे वळवण्याची यंत्रणाच कधी कधी बिघडते, आणि दिसत असूनही मूल वळून बघू शकत नाही.

कोणत्या विषाणूने कुठं घाव घालायचा, याचा ढोबळ अंदाज बांधता येतो. जपानी मेंदूज्वराचा विषाणू पाणपक्षी आणि डुकरांत वाढतो, क्युलेक्स डासामार्फत माणसात येतो. थॅलॅमस ही त्याची आवडती जागा, आणि दृष्टीचा थांबा त्याच्याच मागच्या टोकाला. शिवाय तासन्‌तास चाललेले झटके, प्राणवायूची कमतरता आणि सुजेने दाबल्या गेलेल्या रक्तवाहिन्या मेंदूचा मागचा भाग निकामी करतात. म्हणजे इथं कल मेंदूतल्या बिघाडाकडे. वेस्ट नाइलचा विषाणू पक्ष्यांतला, तोही क्युलेक्सनेच पसरतो, पण त्याची खूण डोळ्यात सापडते. पडद्यावर छोटे गोल डाग, बहुधा रेघेत मांडल्यासारखे, आणि मधुमेह असलेल्या मोठ्या माणसांत जास्त. सिंधुदुर्गात 2016 साली दिसलेला माकडताप गोचिडांमार्फत येतो. त्यात काहींना बरं वाटल्यावर ताप पुन्हा उलटतो, आणि त्या दुसऱ्या फेरीत नजर धूसर होऊ शकते. 1965 साली नागपूरजवळच्या चांदीपुरा गावात सापडलेला विषाणू वाळूमाशीने पसरतो आणि इतक्या झपाट्याने वाढतो की नजरेचा प्रश्न फक्त वाचलेल्या मुलांपुरता उरतो. रेबीजमध्ये तर तोही उरत नाही, कारण जवळजवळ कुणीच वाचत नाही. पण रेबीजने किंवा निदान न झालेल्या मेंदूज्वराने गेलेल्या माणसाचं नेत्रदान घेत नाहीत. बुबुळातून रेबीज दुसऱ्याला झाल्याच्या नोंदी आहेत.

सोलापूर हा ज्वारीचा मुलूख, भातखाचरांचा नाही. पण इथल्या रुग्णालयांत धाराशिव, लातूर, विजापूर, कलबुर्गीपासून मुलं येतात. त्यामुळे गाव, डुकरं, तुंबलेलं पाणी, गोठा, अलीकडचा प्रवास हे सगळं आपणहून सांगावं. जपानी मेंदूज्वराची लस सरकारी कार्यक्रमात ठरावीक जिल्ह्यांत 9 ते 12 महिन्यांत आणि 16 ते 24 महिन्यांत देतात. कार्ड बरोबर ठेवा.

आता घरात काय दिसतं ते. डोळ्यातच बिघाड असलेलं मूल रोज सारखंच बघतं, म्हणजे सकाळी जेवढं दिसतं तेवढंच संध्याकाळी. मेंदूत बिघाड असलेल्या मुलाची नजर तासातासाला बदलते. झोप झाली, पोट भरलं की बघतं. झटका येऊन गेला किंवा घरात माग खडखडायला लागले की नजर हरवते, कारण कान आणि डोळा दोन्ही एकदम सांभाळणं त्या मेंदूला झेपत नाही. असं मूल दिव्याकडे टक लावून बसतं, हलती वस्तू बघतं पण थांबलेली नाही, आणि वाटी उचलताना तोंड दुसरीकडे फिरवतं. हे नाटक नाही. आधी नजर, मग हात, असं ते दोन टप्प्यांत करतं.

सगळ्यात चांगली परीक्षा आपल्या घरातल्या चादरीवर होते. मोर, वेलबुट्टी, चौकड्या असलेल्या सोलापुरी चादरीवर लाल चेंडू ठेवा. मेंदूत बिघाड असलेल्या मुलाला तो सापडत नाही, नक्षीत विरघळतो. तोच चेंडू काळ्या सुती कापडावर ठेवा आणि थोडा हलवा. पुष्कळदा डोळे तिकडे जातात. नस वाळलेल्या मुलाला एकरंगी कापडाची मदत होते, पण एवढा फरक सहसा पडत नाही. तेव्हा आजारातून उठलेल्या मुलाच्या अंथरुणावर नक्षीची चादर घालू नका, काही महिने साधी एकरंगी घाला. एका वेळी एकच वस्तू, लाल किंवा पिवळी. मुलाची पाठ दाराकडे असावी, नाहीतर एप्रिल-मेच्या उन्हाची तिरीप डोळ्यावर येते आणि ते तिच्याकडेच बघत राहतं.

दोन्ही बिघाड एकत्रही असतात, आणि घाई इथंच नडते. मेंदूतला दाब वाढला की नस आधी सुजते, मग वाळते. वाळल्याचा फिकेपणा पडद्याच्या तपासणीत दिसायला चार ते सहा आठवडे लागतात. दहाव्या दिवशी 'नॉर्मल' म्हटलेला डोळा दोन महिन्यांनी नॉर्मल असेलच असं नाही. तपासणी सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा करून घ्याच. बेशुद्धीत पापण्या अर्धवट उघड्या राहिल्या तर बुबुळ सुकून फूल पडतं. आयसीयूत असतानाच मलम घालून पापण्या बंद ठेवायला नर्सला आठवण करा. मेंदूच्या टीबीच्या शंकेने एथॅमब्युटॉल सुरू असेल तर त्यानेही नस बिघडते. गोळी मनाने बंद करू नका, पण नजरेची तक्रार डॉक्टरांच्या कानावर त्याच दिवशी घाला.

खात्रीसाठी एमआरआयमध्ये थॅलॅमस आणि मेंदूचा मागचा भाग बघतात, व्हीईपीमध्ये डोक्याच्या मागे तारा लावून डोळ्यापासून मेंदूपर्यंत संदेश पोचतो का ते मोजतात. झटके चालू असताना किंवा गुंगीच्या औषधाखाली काढलेला व्हीईपी खराब आला तर त्यावर आशा सोडू नये, पुन्हा काढावा.

वाळलेली नस परत हिरवी होत नाही. तिथं उरलेल्या नजरेला मोठी अक्षरं, जवळचा उजेड, पुढे गरज पडली तर ब्रेल, ही वाट लवकर धरलेली बरी. मेंदूतल्या बिघाडात मात्र सुधारणा महिनोन्‌महिने, कधी वर्षं चालू राहते. त्यासाठी रोज दहा-दहा मिनिटं, तीन-चार वेळा, शांत खोलीत तोच लाल चमचा तोंडापासून हातभर अंतरावर धरा, किंचित हलवा आणि मनात वीस आकडे मोजा. बहुतेक घरांत पाच मोजून झाले की चमचा बाजूला होतो, आणि मुलाचे डोळे बाराव्या आकड्याला तिकडे वळणार असतात.