फोल्ड्स, जॉन हर्बर्ट

(२ नोव्हेंबर १८८०–२५ एप्रिल १९३९). इंग्रज संगीतकार व चेलोवादक (चेलो : व्हायोलिनच्या जातीचे मोठे तंतुवाद्य). आपल्याकडे त्यांचे नाव निघते ते पेटीच्या, म्हणजे हार्मोनियमच्या, वादात. त्यांचे वाद्यवृंदसंगीत फार थोड्यांनी ऐकले आहे.

जन्म मँचेस्टरचा. १९०० साली ते तिथल्या हॅले वाद्यवृंदात चेलो वाजवू लागले. पुढे ‘केल्टिक लॅमेंट’सारख्या सोप्या, गोड रचना आणि नाटकांचे संगीत यांवर चरितार्थ चालला. पहिल्या महायुद्धात मेलेल्या सर्व देशांच्या माणसांसाठी त्यांनी ‘अ वर्ल्ड रेक्विएम’ (रेक्विएम : मृतांसाठीचे प्रार्थनासंगीत) रचले. ११ नोव्हेंबर १९२३ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये हजारावर गायक-वादकांनी ते सादर केले. १९२६ नंतर मात्र ते त्या सभागृहात पुन्हा ऐकू यायला २००७ साल उजाडले.

भारतीय संगीत शिकलेल्या व्हायोलिनवादक मॉड मॅकार्थी या त्यांच्या पत्नी. त्यांच्या सहवासात फोल्ड्स रागसंगीताकडे वळले. ‘अवतार’ हा त्यांचा ऑपेरा तडीस गेला नाही, पण त्याच्या तीन अंकांच्या आरंभीचे संगीत ‘थ्री मंत्राज’ म्हणून उरले. त्यातल्या दुसऱ्या मंत्रात स्त्रियांचे वृंदगान आहे, शब्दांवाचून. पियानो आणि वाद्यवृंदासाठीची ‘डायनॅमिक ट्रिप्टिक’ (१९२९) ही माझ्या मते त्यांची सर्वांत धीट रचना. पहिला भाग कर्नाटक पद्धतीच्या एकाच सातसुरी मेळात बांधलेला आहे. दुसऱ्या भागात तंतुवाद्ये अर्धस्वराच्याही निम्म्या अंतराने सरकतात. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सलग सरकत जाणे, ऐकून तयार झालेल्या कानाला हे सरकणे परके वाटत नाही.

१९३५ साली ते भारतात आले आणि दोन वर्षांनी दिल्लीच्या ऑल इंडिया रेडिओवर पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख झाले. तिथे त्यांनी भारतीय वादकांचा छोटा वाद्यवृंद घडवला. १९३८ मध्ये त्यांनी पेटीविरुद्ध लेख लिहिला. पट्टीत बांधलेल्या सुरांवर ना मींड निघते ना श्रुती (सुरांमधली सूक्ष्म अंतरे), हे पेटीचे जुने दुखणेच. १९४० साली, त्यांच्या मृत्यूनंतर, रेडिओवर पेटीला बंदी झाली. ती सैल व्हायला सत्तरचे दशक यावे लागले. श्रुतींपुरता आक्षेप खराच होता. पण ज्या महाराष्ट्राने मैफलीत नामवंत पेटीवादक गोविंदराव टेंब्यांची पेटी ऐकली, त्याच्या गळी ही बंदी उतरणे अवघड होते.

कलकत्त्याला बदली झाल्यावर थोड्याच दिवसांत पटकीने त्यांचा अंत झाला. त्यांच्या ‘सिम्फनी ऑफ ईस्ट अँड वेस्ट’ या रचनेची संहिता हरवली आहे. वाद्यवृंद-संचालक साकारी ओरामो यांनी बर्मिंगहॅमच्या वाद्यवृंदाकडून करून घेतलेली ‘थ्री मंत्राज’ची ध्वनिमुद्रिका मात्र मिळते, ऐकायला सुरुवात तिथूनच करावी.