‘इनबॉक्स केलंय’ लिहिण्याआधी हे वाचा

आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सोशल मीडियावरचं खातं सांभाळायला आमच्याकडे दिलं की थोड्याच दिवसांत बहुतेकांचा फोन येतो: “पोस्ट तर छान दिसतायत, मग फॉलोअर का वाढत नाहीत?” अशा वेळी आम्ही आधी त्यांच्या कमेंट उघडून बघतो. कारण बहुधा तिथेच सापडतं. लोकांनी नेमके, कामाचे प्रश्न विचारलेले असतात आणि प्रत्येकाखाली मालकांची एकच ओळ असते: “इनबॉक्स केलंय.” नाहीतर “डीएम करा.” म्हणजे उत्तर सगळ्यांसमोर नाही, आत, खासगी मेसेजमध्ये.

हे पत्रक त्या एका ओळीबद्दल आहे. रील कशी काढायची, बायोमध्ये काय लिहायचं हे तुम्हाला माहीत आहेच; कुठे अडलं तर फोनवर सांगू.

उत्तर आत गेलं की काय होतं

प्रश्न एक जण विचारतो, पण तो मनात असलेले कितीतरी जण गप्प बसून वाचत असतात. नवा माणूस खात्यावर येतो, चार पोस्ट चाळतो, एखादीच्या कमेंट उघडतो. तिथे त्याचाच प्रश्न आणि खाली सरळ उत्तर दिसलं, तर इथे विचारलं की सांगतात हे त्याला कळतं. फॉलोचं बटण दाबलं जातं ते अशा वेळी. ‘इनबॉक्स केलंय’ वाचून त्याला एवढंच समजतं की काहीतरी उत्तर आहे, पण ते आपल्यासाठी नाही. हे लोक माणूस बघून भाव सांगतात की काय, हा संशय येतो तो वेगळाच.

इनबॉक्समधलं उत्तर शोधून सापडत नाही, कुणाला पुढे पाठवलं जात नाही, सेव्ह होत नाही. मग तेच उत्तर तुम्ही रात्री दुकान बंद केल्यावर पुन्हा पुन्हा टाइप करत बसता.

आमचाही वेळ इथेच सगळ्यात जास्त जातो. त्या उत्तराची पोस्ट करायची म्हटलं की तुमच्याकडून स्क्रीनशॉट मागवा, त्यातली नावं आणि नंबर झाका, आणि तुम्ही घाईत लिहिलेल्या “हो, तसंच करा, होईल”चा अर्थ काय, हे फोन करून तुम्हालाच विचारा. तोवर तुम्हालाही आठवत नसतं.

एक उदाहरण

शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्याचं खातं घेऊ. एका पोस्टखाली कमेंट येते: “दादा, शिवताना कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचं जाळं होतंय. बॉबिन बदलून पाहिली, फरक नाही.” (बॉबिन म्हणजे मशीनमधली खालच्या दोऱ्याची छोटी रीळ.) नेहमीचं उत्तर ठरलेलं असतं: “व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅप करा, सांगतो.”

आम्हाला हवं असलेलं उत्तर असं:

“ताई, जाळं खाली दिसत असलं तरी दोष बहुतेक वेळा वरच्या दोऱ्याचा असतो. वरचा दोरा पूर्ण काढा. कापड दाबणारा पाय वर उचला आणि मगच पुन्हा ओवा. पाय खाली असताना टेन्शनच्या, म्हणजे दोरा ताणून धरणाऱ्या चकत्या मिटलेल्या असतात, दोरा त्यांच्यात बसतच नाही. सुई उलटी लागलेली नाही ना, तेही बघा. एवढं करूनही जाळं झालं तर बॉबिन केसमध्ये दोऱ्याचे तुकडे, धूळ अडकलीय का पाहा. तरीही नाहीच जमलं तर मशीनचं मॉडेल इथेच लिहा.”

या उत्तरात काय काय झालं बघा. ताई बॉबिनच्या मागे लागल्या होत्या, त्यांची दिशा बदलली. पाय का उचलायचा याचं कारण मिळालं, त्यामुळे पुढच्या वेळी त्यांना विचारावं लागणार नाही. आणि शेवटच्या ओळीने बोलणं तिथेच, सगळ्यांसमोर चालू राहिलं. त्या मॉडेल लिहायला परत येतील, किंवा “झालं, थँक्यू” लिहायला येतील. हे “झालं, थँक्यू” कुठल्याही जाहिरातीपेक्षा भारी, असं आमचं मत आहे.

यावर येणारा आक्षेप आम्हाला पाठ आहे: “सगळं फुकट सांगितलं तर मशीन घेऊन माझ्याकडे कोण येणार?” दोरा नीट ओवून जे काम झालं, त्यात तुम्हाला तसंही काही मिळणार नव्हतं. उद्या त्याच मशीनचं टायमिंग गेलं, सुई आणि हुकचा मेळ बिघडला, तर ते घरी होण्यासारखं नाही. तेव्हा त्यांना कोण आठवेल? शिवाय तुमचं उत्तर वाचून “हे आपल्याच्याने व्हायचं नाही” म्हणणारेही खूप असतात. ते थेट फोन करतात.

भावाचा प्रश्न

सगळ्यात जास्त आत ढकलला जातो तो हा. प्रतिस्पर्धी बघतील, गिऱ्हाईक घाबरेल, काम पाहिल्याशिवाय आकडा कसा सांगणार, ही कारणं आम्हाला मान्य आहेत. पण आकडा द्याच असं आम्ही म्हणतच नाही. खर्च कशाने वाढतो, कशाने कमी होतो आणि साधारण कुठून कुठपर्यंत जातो, एवढं लिहिता येतं.

अमेरिकेतल्या व्हर्जिनियामध्ये पोहण्याचे तलाव बसवणारी रिव्हर पूल्स नावाची कंपनी आहे. २००८ च्या मंदीनंतर ती बुडायच्या बेतात होती. तिच्या भागीदारांपैकी मार्कस शेरिडन यांनी गिऱ्हाइकं जे विचारतात त्याची उत्तरं कंपनीच्या वेबसाइटवर लिहायला सुरुवात केली. फायबरग्लासच्या तलावाला किती खर्च येतो, हा त्यातला सुरुवातीचा प्रश्न. त्या धंद्यात यावर उघड बोलायची पद्धत नव्हती. शेरिडन यांनीही एकच आकडा दिला नाही, खर्च कशावर अवलंबून असतो ते समजावून सांगितलं. कंपनी तगली, आणि ती वेबसाइट त्या धंद्यातली खूप वाचली जाणारी वेबसाइट झाली. तुमचा धंदा वेगळा, माध्यम वेगळं, पण “किती पडेल?” हा प्रश्न तोच आहे.

मग आत काय जावं

फोन नंबर, पत्ता, ऑर्डर क्रमांक, पैशांचा व्यवहार, आजाराचे रिपोर्ट, आणि एखाद्याच्या तक्रारीतला खासगी तपशील. एवढंच. कुणी उत्साहात आपला नंबर कमेंटमध्ये टाकला तर ती कमेंट लपवा, नाहीतर त्यांना फसवे फोन यायला लागतात. तक्रार असेल तरी पहिलं उत्तर बाहेरच द्या: काय करणार आहात, कधीपर्यंत करणार आहात. तपशील मग आत.

आम्ही काही गोष्टी का करत नाही

“तुम्हीच लिहा ना काहीतरी” असं सांगितलं तरी आम्ही तांत्रिक उत्तरं स्वतःच्या मनाने लिहीत नाही. काहींना हा आळस वाटतो. पण वरचं मशीनचं उत्तर आम्ही आमच्या अंदाजाने दिलं असतं तर बॉबिनच बदलायला सांगितली असती. चुकीचं उत्तर तुमच्या नावाने कायम तिथे राहतं, आणि जाणकार माणूस ते बरोबर हेरतो.

फॉलोअर विकत आणून देत नाही. आकडा दिसतो, पण त्यातलं कुणी प्रश्न विचारत नाही, उत्तर वाचत नाही. इन्स्टाग्रामने नोव्हेंबर २०१८ मध्येच जाहीर केलं होतं की बाहेरच्या अ‍ॅपमधून आलेले खोटे लाइक, फॉलो आणि कमेंट काढून टाकले जातील. म्हणजे दिलेले पैसेही जातात आणि आकडाही.

“कमेंटमध्ये ‘हवंय’ लिहा, लगेच पाठवतो” ही युक्ती सध्या फार चालते. आम्ही ती टाळतो. डिसेंबर २०१७ मध्ये फेसबुकने सांगितलं होतं की लाइक, कमेंट, टॅग मागून वसूल करणाऱ्या पोस्ट कमी लोकांपर्यंत पोहोचवल्या जातील. ते सोडलं तरी अशा पोस्टखाली नुसती ‘हवंय, हवंय’ची रांग लागते आणि माहिती पुन्हा इनबॉक्समध्ये. वाचणाऱ्याच्या हाती काय आलं?

दुसऱ्यांच्या ग्रुपमध्ये जाऊन उत्तरं द्यायला मात्र आमची हरकत नाही, उलट आग्रह आहे. फक्त उत्तर पूर्ण द्या आणि खाली नंबर चिकटवू नका. उत्तर पटलं की लोक नावावर टिचकी मारून खात्यावर येतातच. तोच मजकूर दहा ग्रुपमध्ये डकवला तर अ‍ॅडमिन बाहेर काढतो, आणि त्यात त्याची चूक नाही.

आम्हाला प्रश्न कसे पाठवायचे

कमेंट असो, फोन असो, समोर आलेलं गिऱ्हाईक असो, प्रश्न विचारणाऱ्याच्याच शब्दांत पाठवा. “टेन्शन असंतुलनाची समस्या” असं शुद्ध करून पाठवू नका. “खाली जाळं होतंय” हेच पाठवा, कारण बाकीचेही शोधताना तेच टाइप करतात. इन्स्टाग्रामच्या शोधात कॅप्शनमधले, म्हणजे पोस्टसोबत लिहिलेल्या मजकुरातले शब्द धरले जातात, आणि जुलै २०२५ पासून व्यावसायिक खात्यांच्या सार्वजनिक पोस्ट गूगलच्या शोधातही येऊ शकतात. म्हणून आम्ही प्रश्न कॅप्शनच्या पहिल्याच ओळीत ठेवतो. कॅप्शनला २,२०० अक्षरांची मर्यादा आहे. चांगल्या उत्तराला ती भरपूर पुरते.

उत्तर लिहून पाठवायची गरज नाही, व्हॉइस नोट पाठवा. विचारणारा समोर बसलाय असं समजून बोला. गाडीचे हॉर्न, मागचा टीव्ही, काही चालतं. तीन गोष्टी मात्र त्यात हव्यात: आधी काय करायचं, ते का, आणि कोणत्या वेळी हे लागू पडत नाही. तिसरी गोष्ट बहुतेक जण विसरतात, आणि आमचे फोन जातात ते तिच्यासाठीच.

स्टोरीत प्रश्नाचा स्टिकर लावून उत्तरं देता, ते चांगलंच आहे. पण स्टोरी २४ तासांत जाते. निवडक उत्तरं हायलाइटमध्ये, म्हणजे खात्यावर कायम दिसणाऱ्या स्टोरींमध्ये टाका किंवा आम्हाला कळवा, आम्ही टाकू. पोस्टखाली एखादं उत्तर जमून आलं तर ते पिन करा, म्हणजे ते सगळ्या कमेंटच्या वर दिसतं. इन्स्टाग्रामवर एका पोस्टला तीन कमेंट पिन करता येतात, यूट्यूबवर एक. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस वापरत असाल तर नेहमीची उत्तरं ‘क्विक रिप्लाय’मध्ये साठवून ठेवा. तिरकी रेघ टाइप केली की यादी समोर येते. आत आलेल्याला तिथूनच पोस्टची लिंक द्या, म्हणजे तोही बाहेर येतो.

ज्यांनी खातं पूर्ण आमच्याकडे दिलंय, त्यांच्यासाठी हे सगळं आम्ही एका प्रश्नवहीत लावतो: प्रश्न, तो कितीदा आला, उत्तर कुठे दिलंय. महिन्याला ती तुमच्याकडे येते. पुढचा माल काय भरायचा, हे तिच्यावरून ठरवणारेही आमच्याकडे आहेत. ज्यांना सगळं घरच्या घरी करायचंय त्यांना वहीचा कोरा नमुना आम्ही असाच देतो, मागून घ्या. आणि उद्या आमच्याकडचं काम बंद केलंत, तरी तोवर भरलेली वही तुमचीच असते.